नंबर घातलेली बाग

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळचे आठ. जागा: पालिकेची बाग, नव्याने विकसित केलेली. हजर: पणजीहून आलेला उद्यान-सल्लागार, आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, ठेकेदाराचा मुकादम न्हानू, माटोळीचे सामान विकणारी शेवंतीमावशी आणि मी. गैरहजर: झाड क्रमांक एक ते तेरा.

हजेरी मांडायची सवय मला पाळी गावातल्या लोखंडाच्या खाणीवरच्या स्टोअरमध्ये लागली. तिथे मी नटबोल्टांपासून डिझेलच्या पिंपांपर्यंत सगळ्याची नोंद ठेवत होते. खाण बंद झाली, सवय राहिली. घरातल्या डब्यांवर माझ्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, कपाटाच्या आतल्या बाजूला कपाटाची यादी आहे. लोक हसतात. हसोत. त्यांना मीठ सापडत नाही, मला सापडते.

बागेच्या फाटकातून आत शिरताच आता एक पेंग्विन भेटतो. फायबरचा आहे, तोंड उघडे, पोटात कचरा. असे सहा पेंग्विन आहेत. आमच्या भागात पेंग्विन कधी आला होता हे मला ठाऊक नाही, पण कचरा टाकायला तोच लागतो असे सल्लागाराचे मत पडले. पुढे सिमेंटचे कठडे, बांबूसारखे रंगवलेले. सिमेंटचे बांक, लाकडासारखे रंगवलेले. लाकूड आणि बांबू दोन्ही इथे मुबलक, पण ते खरे असल्यामुळे बाद. दोन्ही बाजूंना बाटलीच्या आकाराचे बुटके माड लावलेत. माडांच्या गावात, नारळ न देणारे माड. खाली हिरवी सतरंजी अंथरावी तसे विकतचे गवत आणि त्यावर पाटी: गवतावर चालू नये. दुसरी पाटी: फुले तोडू नयेत. फुले नाहीत.

"ॲम्बियन्स कसा वाटतो, मॅडम?" सल्लागाराने मला विचारले.

"निसरडा," मी म्हटले. चकचकीत फरशीवर मी नुकतीच सावरले होते.

माझे वडील या बागेला जार्दीन म्हणत. पोर्तुगिजांच्या काळातला शब्द त्यांच्या तोंडात पावासारखा मऊ होऊन बसला होता. जार्दीन म्हणजे एक गोल चौथरा, चार दगडी बांक, एक विहीर आणि मागे चढणीवर वाढेल तसे वाढलेले रान. नकाशा नव्हता. जिथे सावली पडे तिथे माणसे बसत आणि सावली सरकली की माणसेही सरकत.

थंडीत बाग लाल असायची. पाळीकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ पानापानावर बसलेली, बोटाने नाव लिहावे इतकी. जुझे माळी सकाळी सुकी पाने पेटवायचा. त्या धुराला थोडा दवाचा, थोडा मातीचा वास होता. त्याच वेळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल विहिरीला टेकवून दम खायला थांबायचा. त्याच्या टोपलीवरचे प्लास्टिक जरा सरकले की गरम उंड्यांचा, गोल पावांचा, वास धुरात मिसळायचा. शाळेच्या वाटेवरची आम्ही मुले तो मिसळलेला वास घ्यायला दोन मिनिटे उभी राहायचो. पोदेर म्हणायचा, "वास फुकट, चड घेवंक जायना." जास्त घ्यायचा नाही. आम्ही घ्यायचो.

चैत्रात ओवळाखाली फुलांचा सडा. मराठीत त्याला बकुळ म्हणतात, पण बकुळ म्हटले की मला ते दुसऱ्या कुणाचे झाड वाटते. ओवळे सुकली तरी वास सोडत नाहीत. माझ्या भूमितीच्या पेटीत वर्षभर ती कोनमापकाखाली असायची. वैशाखात चढणीवर करवंदे आणि चुरणां, जिभा जांभळ्या, फ्रॉक जांभळे, दगडी बांकही जांभळे. मिरग सरला की कुंपणाला टायकिळा, म्हणजे भाजीचा टाकळा, फुटायचा. आई मला फडके देऊन पाठवी: कोवळा शेंडा तेवढा खूड, मूळ हलवू नको. पावसाळ्यात बांकांवर मखमलीसारखे शेवाळ चढे आणि त्यावर गोगलगायी आपापल्या रेघा ओढत जात. कोणी घसरून पडल्याचे मला आठवत नाही. तेव्हाच्या शेवाळापेक्षा आताची फरशी धोकादायक आहे, हे मी लेखी कळवले आहे.

आणि चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर आढ्याला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानात, परसात त्या दिवसांत जे पिकले असेल ते सगळे बांधतात. तोरिंजने, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस, माट्टीची पाच पंखांची फळे आणि कांगलांचे हिरवेपिवळे झुबके. माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन. कांगलां म्हणजे मालकांगोणी. बाजारात सगळे मिळते, तेव्हाही मिळायचे. पण आमच्या आळीतल्या घरांचा रिवाज असा, की माट्टी आणि कांगलां विकत आणायची ती शेवंतीमावशीच्या घरच्यांकडूनच, आणि त्यांनी ती काढायची बागेमागच्या चढणीवरूनच. का, ते कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्या सकाळी जुझे मागचे फाटक उघडून कोयता घेऊन उभा राहायचा. तो ख्रिश्चन, त्याच्या घरी गणपती नाही. पण चढणीवर कायदा त्याचा चाले. "एक काड, दोन दवर." एक घोस काढायचा, दोन ठेवायचे. शेवंतीमावशी तेव्हा तरणीताठी होती. साडीचा काष्टा मारून झाडावर चढायची आणि वरून ओरडायची, "जुझे, तू खाली मोज, हांव वयर मोजतां." दोघांचा हिशेब कधी जुळत नसे आणि त्यावरून दोघे चवथ सरेपर्यंत भांडत. घोस खाली पडताना पानांवरचे पाणी अंगावर यायचे. कांगलांच्या तुटक्या देठाचा एक उग्र, हिरवा वास असतो. तो हातांना लागला की मोदक वळतानाही बोटांत राहायचा. आईला तो वास मोदकांत चालायचा. मला अजून मोदकांत तो नसला की काही तरी राहिले असे वाटते.

आता चौथऱ्याच्या जागी एक छत्री उभी आहे. सल्लागार तिला गझीबो म्हणतो. छताला फायबरची माटोळी टांगली आहे. फायबरचा निरफणस, फायबरचे तोरिंजन, आणि कांगलांचे घोस म्हणून पिवळ्या रंगाचे मणी, गरब्याच्या घागऱ्याला लावतात तसले. खाली निळ्या अक्षरांत: कायमस्वरूपी माटोळी. आपली संस्कृती, आपला अभिमान. शेजारी मोबाईल ठेवायला दांडी.

शेवंतीमावशीने मान वर करून ती माटोळी बराच वेळ पाहिली. आता ती सत्तरीपुढची आहे, मान वर केली की तिला भोवळ येते, म्हणून मी तिचा दंड धरला होता.

"ही केन्ना देंवयतले?" तिने विचारले. ही खाली कधी उतरवणार?

"उतरवायची नाही, मावशी. परमनंट आहे," सल्लागार म्हणाला.

"गणपती गेले तरी?"

"बारा महिने."

"आनी सुकतली केन्ना?"

सल्लागार हसला. त्याला वाटले ती थट्टा करते आहे. मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले जशी ती बाजारात सडके तोरिंजन चाळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते. मग मला म्हणाली, "बाय, ह्याका घरा आवय ना दिसता." याला घरी आई नसावी.

नगरसेवकांनी घड्याळ पाहिले. चवथीआधी उद्घाटन व्हायचे आहे. फीत आली आहे, ती मी पाहिली, मापाने जरा मोठीच आहे.

आता झाडांविषयी. हे लिहायला मला आवडत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

वैशाखात पालिकेने नागरिकांच्या सूचना मागवल्या. मी सूचना करत बसत नाही, मी यादी करते. दोन सकाळी बागेत आणि चढणीवर फिरून राखण्यासारखी चौदा झाडे निवडली. ओवळ, जांभूळ, चुरण आणि बाकीची. प्रत्येकाचे नाव, जागा, घेर, कोणत्या महिन्यात काय देते, सगळे लिहिले. कोणी गोंधळू नये म्हणून घरातल्या पांढऱ्या ऑइलपेंटने छातीच्या उंचीवर एक ते चौदा आकडे घातले. अक्षर सुबक आले होते. चौदावा आकडा सगळ्यात वरच्या माट्टीवर, जिच्यावर कांगलांचा जुना वेल चढलेला आहे. यादी टाइप करून वर ठळक लिहिले: बागेतील झाडांची यादी, क्रमांक १ ते १४. पोच घेतली. मग लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले.

परत आले तेव्हा चढणीवर आकाश फार होते.

"यादी तुमचीच आहे, मॅडम," सल्लागार आता म्हणाला आणि फाइलमधून माझाच कागद माझ्यापुढे धरला. "नागरिकांच्या सूचनांपैकी तुमची एकटीची आम्ही शंभर टक्के इम्प्लिमेंट केली."

"ती राखायची झाडे होती."

"तसा उल्लेख कुठे आहे?"

नव्हता. पानभर माहिती होती. महिने होते, घेर होते, फुलांचे रंग होते. राखायची हा एक शब्द नव्हता. मला वाटले होते, झाडांची यादी कोणी मारण्यासाठी कशाला करील.

"बाई, तुमी आमच्यापेक्षां चड शिकलेल्यो," नगरसेवक म्हणाले. "चूक कोणाचीय जाता. चवथ जावं दी, मागीर बघूंया." चवथ होऊ दे, मग बघू. गेली वीस वर्षे मी ऐकते आहे, आमच्याकडे सगळ्या गोष्टी चवथीनंतर बघायच्या असतात आणि चवथीनंतर दिवाळी येते.

न्हानू मुकादम बाजूला उभा होता. सावंतवाडीकडचा, साठीचा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घातलेली. तो मान खाली घालून बोलला, पण बोलला.

"बाई, माजो काय दोष? मी धारगळाक हायवेर काम केलंय, मोपाच्या सड्यार केलंय. सगळीकडे तसाच. पयलो नंबर येता, मगे करवत येता. नंबर घातलेलो झाड राखतत ह्या मी जल्मात बघूक नाय. आमच्या साइटीवरची पोरां झाडावर आकडो बघतत आणि सांगतत, हो गेलो."

मला त्याच्यावर रागवता आले नाही. मीही धारगळच्या रस्त्याने गेलेली आहे. आंब्यांच्या, वडांच्या बुंध्यांवरचे आकडे बसच्या खिडकीतून मीही मोजलेले आहेत, आणि पुढच्या खेपेला मोजायला काही नव्हते. सगळ्या तालुक्याला जी खूण कळते ती मला कळली नाही. पंधरा वर्षे मी वस्तूंवर नंबर घालत आले ते त्या हरवू नयेत म्हणून.

चौदा नंबर वाचला होता, कारण पावसात मशीन चढणीवर चढेना. फायबरच्या मशरूमखाली बसायची जागा तिथे व्हायची आहे.

"ते झाड ठेवा," मी सल्लागाराला म्हटले. "एवढे एकच."

"तुम्ही अर्ज करा. वृक्ष काढण्याचा नमुना आहे आमच्याकडे."

"न काढण्याचा?"

"तसा नमुना नाही."

"मग कोऱ्या कागदावर लिहून देते, तुम्ही सही करा."

"कोऱ्या कागदावर कशी सही करणार, मॅडम?" तो खरेच दुखावला. एवढ्या कागदांवर सह्या करणाऱ्या माणसाला कोरेपणाची इतकी भीती मी प्रथम पाहिली. मग तो आणि नगरसेवक फीत कुठे बांधायची ते ठरवायला फाटकाकडे गेले. पहिल्या पेंग्विनला बांधायची असे ठरले.

न्हानू मात्र गेला नाही. "मंगळवारी मशीन येतला," तो हळूच म्हणाला. "पाऊस उघडलो तर वर चढतला. पण बाई, नंबर नसलेल्या झाडाक मी हात लावचंय नाय. तसो हुकूम माका नाय."

मी घरी जाऊन टर्पेंटाइन, तारेचा ब्रश, जुनी बनियन आणि छत्री घेऊन आले. शेवंतीमावशी चढणीवरच्या दगडावर बसून राहिली होती. तिने छत्री माझ्यावर धरली. माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोन-चौकोनांची, आणि ऑइलपेंट त्या भेगांत पार आत गेला होता. मी कामात कधी कसर ठेवली नाही, तिथेही ठेवली नव्हती. एकाचा आकडा जायला अर्धा तास लागला. टर्पेंटाइनच्या वासात साल ओली होऊन तिचा तुरट वास वर येत होता.

"जुझे आसतो जाल्यार तुज्या हातार कोयतो मारतो," मावशी म्हणाली. जुझे असता तर तुझ्या हातावर कोयता मारता.

"मारायलाच हवा होता."

"तरी तो लेखांत चुकलो. दर वर्सा दोन घोस चड म्हणटालो." हिशेबात तो चुकायचा, दर वर्षी दोन घोस जास्त निघाले म्हणायचा. मग छत्री दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, "हांव चोरताले."

"दर वर्षी?"

"तुमच्याच घराक दिताले गे. तुज्या आवयक दाट माटोळी जाय आशिल्ली." तुझ्या आईला माटोळी दाट लागायची. ती हसली, सगळे हिरडे दाखवून. मीही हसले आणि ब्रश चालवत राहिले.

चाराच्या आकड्याशी मात्र काम अडले. घाईत तो मी अर्धा बुंध्यावर आणि अर्धा वेलाच्या खोडावर रंगवला होता. वेलाची साल पातळ. ब्रश लागताच ती कडेला सुटली आणि आतला ओला हिरवा दिसला. अजून एक हात मारला असता तर वरचे सगळे घोस आठवड्यात माना टाकून बसले असते. मी ब्रश खाली ठेवला. झाडावर स्वच्छ, सुबक ४ उरला होता.

न्हानू वर आला. त्याने आकडा पाहिला, खिशातून पिशवीत गुंडाळलेली वही काढली, बोट ओले करून पान उलटले.

"चार," तो म्हणाला. "चार तर तुटलो. हय टिक आसा."

"न्हानू, हे..."

"बाई, माका लिवता-वाचता येता. चार लिवलेला आसा. चार तुटलो. तुटलेलो झाड परत तोडूचो हुकूम माका नाय." त्याने वही परत गुंडाळली, मावशीला हात जोडले आणि चढण उतरून गेला.

खरा चार म्हणजे सुरंगी. तिचे मी आतापर्यंत काही लिहिले नाही, लिहिणार नव्हते. शिशिर संपता संपता तिच्या फांद्यांना अंगभर कळ्या चिकटायच्या, मोत्यांसारख्या, देठाशिवाय. त्या उजाडताना, उमलायच्या आत काढाव्या लागतात. उन्हे आली की फूल उघडते, मधमाश्या येतात आणि मग झाडाखाली उभे राहवत नाही, तो नुसता गुंजारवच असतो. आईच्या अंबाड्यावरचा सुरंगीचा वळेसर मला वर्गातून वासानेच ओळखू यायचा. ती शाळेच्या व्हरांड्यातून फी भरायला जात असे आणि मी पाटीवरून मान वर न करता जाणायची की ती आली आहे, ती कचेरीशी थांबली आहे, ती गेली आहे. एका वर्षी ती यायची थांबली. सुरंगी फुलतच राहिली. तिचा बुंधा आता फरशीखाली आहे, गझीबोच्या तिसऱ्या खांबाजवळ. मी पावले मोजून जागा काढली आहे.

माट्टी आज उभी आहे. वेलावर घोस लागलेत, अजून हिरवे आहेत. मावशीच्या नातसुनेने चवथीच्या आदल्या दिवशी चढायचे कबूल केले आहे, मी खाली उभी राहून मोजणार आहे.

सल्लागाराला उद्घाटनाच्या फलकासाठी उद्या, सोमवारी दुपारपर्यंत, झाडांची सुधारित यादी हवी आहे: कोणती काढली, कोणती उभी. मी मांडायला बसले. एक ते तेरा झाले, वेळ लागला नाही. चौदासमोर उभे लिहिले तर मंगळवारी मशीन कुठे न्यायचे त्याचा हुकूम माझ्याच कागदावरून निघेल. काढले लिहिले तर पाळीच्या खाणीवरच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंतची माझी पहिली खोटी नोंद होईल. कागद टेबलावर आहे, पेन त्यावर आहे. चौदाव्या ओळीचा शेरा भरणे बाकी.